सेन्सर घेण्याआधी रात्री दोन वाजता कोण उठणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की अभयारण्यासोबत काम करणारा एक छोटा ग्रुप आहे, थोडा निधी मिळालाय, ग्रुपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली पोरं आहेत, आणि शिकार थांबवायला नक्की काय घ्यावं हे त्यांना कळत नाहीये. एआयवाले कॅमेरे घ्यावेत, ड्रोन घ्यावा, की प्राण्यांना जीपीएस कॉलर घालण्यासाठी पैसे द्यावेत? आणि लोरा नेटवर्क, म्हणजे कमी बॅटरीवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवणारं रेडिओचं जाळं, स्वतः उभारता येईल का?

बरीच वर्षं जंगलात हीच यंत्रं लावतोय आणि काढतोय, त्यामुळे आधीच सांगतो, यातलं कुठलंही यंत्र शिकार थांबवत नाही. यंत्र फक्त सांगतं, थांबवायला माणूसच जातो. म्हणून मला कुणी विचारलं की काय घेऊ, तर मी उलटा प्रश्न विचारतो की रात्री दोन वाजता मोबाईलवर फोटो आला, तीन माणसं, एकाच्या खांद्यावर बंदूक, पुढे काय? फोन कुणाचा वाजतो, तो माणूस त्या रात्री मोबाईलच्या रेंजमध्ये असतो का, त्याच्याकडे गाडी आहे का, गाडीत डिझेल आहे का, आणि कॅम्पपासून त्या जागेपर्यंत अंधारात पोचायला किती वेळ लागतो. याची उत्तरं आधी कागदावर लिहा. कारण घटना घडल्यापासून टीम पोचेपर्यंत जो वेळ जातो त्यात सेन्सर आणि नेटवर्क मिळून जेमतेम मिनिटभर खातात, बाकी सगळा वेळ माणसांचा असतो, बघणं, खरं की खोटं ठरवणं, दुसऱ्याला उठवणं, निघणं, मध्ये ओढ्याला पाणी असलं तर वळसा घालणं. पैसे मात्र सगळे त्या पहिल्या मिनिटावर खर्च होतात.

ही साखळी जिथे छोटी आहे तिथे टेक्नॉलॉजी मस्त चालते. तामिळनाडूत कोइंबतूरजवळ मदुक्करैला रेल्वे रुळांवर हत्ती मरायचे, तिथे फेब्रुवारी २०२४ पासून टॉवरवर थर्मल म्हणजे उष्णता टिपणारे आणि साधे असे कॅमेरे लावलेत, हत्ती रुळाकडे येताना दिसला की एआय ओळखतं, कंट्रोल रूमला कळतं आणि ट्रेन चालवणाऱ्याला वेग कमी करायला सांगितलं जातं. बघा, इथे कुणालाही जंगलात पळत जायचं नाहीये. निरोप ज्याला मिळतो त्याच्याच हातात ब्रेक आहे आणि काम एकच आहे. ईशान्येकडे रेल्वेने रुळांशेजारून जाणारी ऑप्टिकल फायबरच सेन्सर म्हणून वापरली, हत्तीच्या पावलांनी जमिनीत जी कंपनं होतात ती फायबरमधल्या प्रकाशात पकडली जातात, तिथेही तत्त्व तेच. तुमच्या अभयारण्यात अशी छोटी साखळी कुठे सापडते का ते आधी शोधा. एखादा रस्ता जंगल कापून जातो का, एखादं एकच गेट आहे का जिथून गाड्या आत येतात, एखादी शेताची कड आहे का जिथे गावातलीच चार पोरं पाच मिनिटांत पोचू शकतात. तिथून सुरुवात करा. गाभ्यातल्या डोंगरापासून नको, जिथे जायलाच अर्धा दिवस लागतो.

आता कॅमेऱ्यांकडे येतो, कारण शेवटी बहुतेक लोक तेच घेतात आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ट्रॅप कॅमेरा सतत बघत नसतो. पुढे जी पांढरी, खवल्यासारख्या रेषा असलेली छोटी खिडकी असते ना, तिच्यामागे पीआयआर सेन्सर असतो, तो उष्णता बघतो, आणि नुसती उष्णता पण नाही तर आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी त्याच्यासमोरून सरकलं तरच त्याला कळतं. त्या रेषांमुळे समोरच्या जागेच्या पट्ट्या पडतात आणि प्राणी एका पट्टीतून दुसरीत गेला की सेन्सर जागा होतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे कॅमेऱ्याकडे सरळ चालत येणारा प्राणी उशिरा पकडला जातो आणि आडवा जाणारा पटकन, म्हणून कॅमेरा वाटेला आडवा किंवा थोडा तिरका लावायचा. दुसरी म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी जमीन आणि दगड तापून प्राण्याच्या अंगाइतकेच गरम झाले की सेन्सरला फरकच दिसत नाही, समोरून रानडुक्कर गेलं तरी फोटो नाही. उलट ऊन-सावलीत हलणारं गवत मात्र त्याला शंभर वेळा उठवतं. कॅमेरा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून लावा, सकाळ-संध्याकाळचा सूर्य थेट आत येऊ देऊ नका, आणि समोरचं गवत कॅमेरा लावतानाच विळ्याने साफ करा, पावसाळ्यात परत परत करा. ही विळ्याची गोष्ट कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसते पण निम्मा फालतू डेटा तिथेच वाचतो.

वाघ मोजायचे कॅमेरे आणि माणसं पकडायचे कॅमेरे हे दोन वेगळे प्रकार आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडी लावतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्या तरच तो वाघ नक्की कोण ते ठरतं. भारतातल्या २०१८ च्या गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो आले, त्यातले वाघाचे ७६,६५१. म्हणजे बाकी सगळं हरिण, डुक्कर, गुरं, माणसं आणि हलणारं गवत. हे फोटो माणसाने एकेक करून बघायचे म्हणजे आयुष्य जाईल, म्हणून एआय खरं कामाला आलं ते इथे, फोटो चाळायला. मेगाडिटेक्टर नावाचं मोफत मॉडेल आहे, ते फोटोत प्राणी आहे, माणूस आहे, गाडी आहे की काहीच नाही एवढंच सांगतं, पण तेवढ्यानेच रिकामे फोटो बाजूला पडतात आणि कामाचा डोंगर उतरतो. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सवाली पोरं आहेत ना, त्यांना पहिलं काम हेच द्या. अभयारण्याच्या ऑफिसात हमखास जुन्या मेमरी कार्डांचा एखादा डबा पडलेला असतो ज्यातले फोटो कुणी बघितलेलेच नाहीत. ते चाळा, माणसांचे फोटो वेगळे काढा, वेळ आणि जागा नकाशावर टाका. एकही नवीन यंत्र न घेता कुठल्या वाटेवर रात्री माणसं फिरतात ते तुम्हाला कळेल.

माणसांसाठीचा कॅमेरा मात्र वर लावायचा, माणसाच्या नजरेच्या वर, फांदीआड, खाली झुकवून, आणि फ्लॅश ९४० नॅनोमीटरवाला घ्यायचा. ८५० चा जो असतो तो अंधारात लालसर चमकतो, शिकाऱ्याला लगेच दिसतो आणि मग दुसऱ्या दिवशी कॅमेराच जागेवर नसतो. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा प्रकाश कमी लांब जातो, तेव्हा वाट अरुंद असेल अशीच जागा निवडा. एआय कॅमेऱ्यातच बसवलेलं असलं तर अजून चांगलं, कारण मग प्रत्येक फोटो पाठवायची गरज राहत नाही, माणूस किंवा ठरावीक प्राणी दिसला तरच पाठवायचं. ट्रेलगार्ड नावाचा असा कॅमेरा कान्हा-पेंचच्या पट्ट्यात वापरून बघितला होता आणि फोटो मोबाईलवर मिनिटाच्या आत पोचत होता. पण तिथे मोबाईल टॉवरची रेंज होती, हे विसरू नका.

खोट्या अलर्टचं गणित आधी करून बघा. समजा चाळीस कॅमेरे लावले आणि प्रत्येकाने दिवसाला फक्त दहा चुकीचे निरोप पाठवले, तर दिवसाला चारशे. खरा शिकारी महिन्यातून दोनदा येतो. पहिला आठवडा सगळे उत्साहाने बघतात, दुसऱ्या आठवड्यात फोन सायलेंटवर जातो आणि नेमका तेव्हाच खरा निरोप येतो. म्हणून मी नेहमी सांगतो, चाळीस नको, सहा लावा, पण नेमक्या सहा वाटांवर, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्याच वेळेत माणूस दिसला तर फोन वाजेल असं ठेवा, बाकीचं सगळं सकाळी चहा पिताना बघितलं तरी चालतं.

आणि हो, माणसांचे फोटो म्हणजे सगळे शिकाऱ्यांचे नसतात. लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका, मोहाची फुलं वेचणारे, गुरं शोधणारा म्हातारा, हेच जास्त असतात. कॉर्बेटच्या परिसरात केंब्रिजच्या संशोधकांनी जे काम केलं आणि २०२४ मध्ये मांडलं त्यात स्पष्ट आलंय की कॅमेरे आणि ड्रोनमुळे तिथल्या बायकांना जंगलात वावरणं अवघड झालं, एका बाईचा खाजगी अवस्थेतला फोटो स्थानिक पोरांनी पसरवला आणि गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्या गावातून तुम्हाला खबर मिळणार आहे त्याच गावाला तुम्ही चोरासारखं टिपत असाल तर खबर बंद होते, आणि खबऱ्याची जागा घेईल असा सेन्सर अजून कुणी बनवलेला नाही. तेव्हा कॅमेरे कुठल्या भागात आहेत ते गावाला सांगा, नेमकी जागा नको, आणि माणसांचे फोटो कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार ते लिहून ठेवा.

कॉलरबद्दल. जीपीएस कॉलर ही फार भारी गोष्ट आहे पण ती मुख्यतः समजून घेण्यासाठी आहे, वाचवण्यासाठी कमी. टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल, २०१९ मध्ये कॉलर घातलेला तरुण नर तिथून निघाला, विदर्भ-तेलंगणातल्या शेतांतून, नाल्यांतून, हायवे ओलांडत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला. कॉलर नसती तर वाघ शेतातून इतक्या लांब जातो हे कुणी मानलं नसतं, आणि कॉरिडॉर वाचवायला हवा हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं नसतं. पण वाटेत त्याच्यावर कुणी हात टाकला असता तर कॉलरने काय केलं असतं? ठरावीक तास हालचाल झाली नाही की मॉर्टॅलिटीचा, म्हणजे प्राणी मेला असावा असा सिग्नल येतो, व्हीएचएफवर, म्हणजे कॉलरमधल्या साध्या रेडिओवर, बीप-बीप एकदम दुप्पट वेगाने वाजायला लागतं, आणि तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

बॅटरीचं पण समजून घ्या. कॉलर किती जड असावी याला मर्यादा आहे, सस्तन प्राण्यांना वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत आणि पक्ष्यांना तीन टक्क्यांच्या आत असा नियम लोक पाळतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच ठेवतात. म्हणजे बॅटरी मोठी करता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी लोकेशन मागितलं तर कॉलर काही महिन्यांत मरते, दर पाच तासांनी मागितलं तर दोन-तीन वर्षं जगते पण मधल्या पाच तासांत वाघ कुठे होता ते देवाला ठाऊक. त्यात दाट झाडीखाली किंवा घळीत बसलेल्या प्राण्याला उपग्रह दिसत नाहीत, जीपीएस बराच वेळ शोधत बसतं आणि बॅटरी अजून खातं. आणि कॉलर घालायला प्राण्याला बेशुद्ध करावं लागतं, त्यात धोका असतो, वाढत्या वयाच्या नराला घातली तर मान जाड होते आणि पट्टा आवळतो. कुनोला आणलेल्या चित्त्यांच्या मानेवर २०२३ च्या पावसाळ्यात कॉलरखाली जखमा आणि संसर्ग सापडला, शेवटी चित्ते पकडून तपासावे लागले आणि कॉलर काढाव्या लागल्या. दमट हवेत, जाड फर ओली राहत असताना पट्टा घासत राहिला की काय होतं ते त्यातून सगळ्यांना कळलं.

जिथे कॉलर खरोखर वाचवते ते म्हणजे ठरावीक प्राणी आणि ठरावीक हद्द. केनियात ओल पेजेटा अभयारण्यात किमानी नावाचा हत्ती होता, रोज रात्री शेतात घुसायचा, त्याच्यासारख्यांना शेवटी गोळी घालतात. सेव्ह द एलिफंट्सवाल्यांनी त्याच्या गळ्यात मोबाईलचं सिम असलेली कॉलर घातली, नकाशावर एक रेघ मारली, आणि तो रेघ ओलांडायला आला की रेंजरच्या फोनवर मेसेज. रेंजर गाडी घेऊन जायचे आणि त्याला हाकलून द्यायचे. हळूहळू त्याची सवयच मोडली. इथेही बघा, मेसेज एकाच टीमला, काम एकच, आणि गाडी जवळ.

याच्या उलट तामिळनाडूतल्या वालपरईची पद्धत आहे, मला ती जास्त आवडते कारण त्यात हत्तीला हातही लावत नाहीत. चहाच्या मळ्यांचा भाग, संध्याकाळी कामावरून घरी येणारे मजूर अचानक हत्तीसमोर यायचे आणि जीव जायचे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी हत्ती कुठे आहेत ही माहिती गोळा करून लोकांना एसएमएस पाठवायला सुरुवात केली आणि उंच जागी लाल दिवे लावले जे मोबाईलवरून चालू करता येतात, दिवा दिसला की आसपास हत्ती आहेत, त्या वाटेने जायचं नाही. पुढे दिवे गावकरीच चालू करायला लागले. यात सेन्सर म्हणजे बघणारा माणूस आहे आणि टेक्नॉलॉजी म्हणजे एक सिमकार्ड आणि दिवा. तुमच्या पोरांना हे फार साधं वाटेल, पण तुमच्या निधीत बसणारं आणि दहा वर्षं टिकणारं हेच आहे.

लोराचं उत्तर, हो, स्वतः उभारता येतं, आणि ते शिकायला मजा येते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनपरवान्याचा आहे, युरोपात ८६८ च्या आसपास, अमेरिकेत ९१५, तेव्हा ऑनलाइन मागवताना कुठल्या देशाचं मॉड्यूल येतंय ते बघून घ्या. रवांडातल्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात अशी यंत्रणा बसवलीय, गाड्या, रेंजर, गेंडे सगळे एका नकाशावर दिसतात. पण अकागेरा म्हणजे बराचसा मोकळा गवताळ भाग. खोक्यावर पंधरा किलोमीटर लिहिलेलं असतं ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, मध्ये काहीही नसताना. पानगळीच्या जंगलात मे महिन्यात जे अंतर मिळेल ते ऑगस्टमध्ये ओल्या पानांमुळे निम्म्यावर येतं, म्हणून चाचणी पावसाळ्यात करा, उन्हाळ्यात करून फसू नका. गेटवे, म्हणजे सगळे निरोप गोळा करणारं मुख्य यंत्र, जिथे वायरलेसचा टॉवर आधीच आहे तिथेच चढवा. आणि लोरावर फोटो जात नाही, एका वेळी काही मोजके बाइट जातात, म्हणजे "गेट क्रमांक तीन उघडलं", "पाणवठ्याची पातळी इतकी", "गाडी इथे आहे" एवढंच. त्याच्यासाठी ते उत्तम आहे. गस्तीच्या गाड्यांवर ट्रॅकर लावा, मग रात्री निरोप आला की कोण जवळ आहे ते लगेच दिसतं, आणि माझ्या मते लोराचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, प्राण्यांना नव्हे तर आपल्या माणसांना शोधणं.

बाकी जंगल यंत्रांशी कसं वागतं ते पोरांना आधीच सांगून ठेवा. कॅमेऱ्याच्या खोक्यात मुंग्या अंडी घालतात, लेन्ससमोर कोळी जाळं विणतो आणि रात्री फ्लॅशमध्ये ते पांढरं झगझगतं, माकडं सोलर पॅनल उचकटतात, साळिंदर वायर कुरतडतं, आणि हत्तीला नवीन खांब दिसला की तो अंग घासून बघतोच. वायर जमिनीवरून नेऊ नका, सिलिका जेलच्या पुड्या दर फेरीला बदला, आणि सगळ्याच्या पंधरा-वीस टक्के सुटे भाग पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा, नंतर निधी मिळत नाही.

आवाजाच्या सेन्सरबद्दल दोन शब्द. ऑडिओमॉथसारखे रेकॉर्डर छोटे आणि परवडणारे आहेत, बंदुकीचा आवाज, करवत, गाडी हे त्यात सापडतं. पण थेट अलर्टसाठी त्यांच्यावर विसंबू नका, वाळकी फांदी मोडली, वीज कडाडली, लग्नात फटाके वाजले, सगळं बंदुकीसारखंच ऐकू येतं. त्यांचा खरा उपयोग मागून हिशोब लावायला. कांगोच्या जंगलात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी हत्तींचे आवाज ऐकायला रेकॉर्डरचं जाळं टाकलं, त्यातच बंदुकीचे बारही आले, आणि शिकारी कुठल्या भागात आणि कधी येतात ते कळलं. गस्त वाढवली तर बार कमी झाले का, की फक्त दुसऱ्या ओढ्याकडे सरकले? हे दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने इतकं सरळ कळत नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. जनावरं सगळी बंदुकीने मरत नाहीत. तारेचा फास आवाज करत नाही, गरम नसतो, हलत नाही, कुठल्याही कॅमेऱ्याला आणि ड्रोनला तो दिसत नाही. क्लचची जुनी वायर, खुंटी, आणि वाट ओळखणारा माणूस, बस. तो फक्त पायी चालणाऱ्याला सापडतो, तोही वाकून बघणाऱ्याला. जॉ ट्रॅप म्हणतात ते लोखंडी सापळे पानांखाली पुरलेले असतात, त्यांच्यासाठी पाणवठ्याजवळ मेटल डिटेक्टर घेऊन फिरावं लागतं, आणि हे यंत्र कुठल्याही ड्रोनपेक्षा जास्त जीव वाचवतं असं माझं मत आहे. तिसरा प्रकार विजेचा, ११ केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून बारीक तार शेताकडेने किंवा जंगलाच्या वाटेवर ओढायची, डुकरासाठी लावतात आणि वाघ मरतो. यासाठी सेन्सर तुम्हाला विकत घ्यायचाच नाहीये, तो वीज कंपनीकडे आहे. जनावर चिकटलं किंवा तार जमिनीला टेकली की लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, सबस्टेशनच्या रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद होते. रात्री जंगलालगतच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर, कारण नसताना ट्रिपिंग आलं की सबस्टेशनच्या ऑपरेटरने वनरक्षकाला फोन करायचा, आणि लाइनमन आणि वनरक्षक दोघांनी मिळून सकाळी ती लाइन पायी तपासायची. एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि दोन खात्यांच्या साहेबांची एक मीटिंग, एवढ्यावर हे होतं. तुमच्या पोरांनी ट्रिपिंगच्या नोंदी आणि जनावरं मेल्याच्या जागा एका नकाशावर टाकल्या तर पुढच्या हंगामात कुठे बघायचं ते समोर दिसेल.

चालण्याच्याच नोंदींचं म्हणाल तर व्याघ्र प्रकल्पांत २०१० पासून एम-स्ट्राइप्स आहे, जगभर स्मार्ट नावाची यंत्रणा वापरतात, मोबाईलवर गस्तीचा रस्ता, सापडलेले फास, चुली, पाऊलखुणा सगळं नोंदवायचं. पुष्कळ ठिकाणी ते फक्त किलोमीटर मोजायला वापरतात, साहेब विचारतात किती चाललास, आणि मग वनरक्षक सोप्या गाडीवाटेवरच किलोमीटर भरून काढतो. नोंदी नीट असतील तर त्यातून पुढचा अंदाज काढता येतो. एआयचे संशोधक मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉज नावाचं मॉडेल केलं, जुन्या गस्तीत कुठे फास सापडले यावरून पुढे कुठे असतील ते सांगणारं, कंबोडियातल्या स्रेपोक अभयारण्यात त्याने दाखवलेल्या भागांत रेंजर गेले तेव्हा एका महिन्यात पाचशेच्या वर फास निघाले. मात्र नोंदी गाडीवाटेवरच्याच असतील तर मॉडेलही गाडीवाटच दाखवणार.

डेटा कुणाच्या हातात आहे हे पण बघा. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या एका कॉलरवाल्या वाघाचं लोकेशन ज्या ईमेलवर येत होतं ते खातं उघडायचा प्रयत्न कुणीतरी केला होता. व्हीएचएफचा सिग्नल तर उघडाच असतो, फ्रिक्वेन्सी माहीत असेल आणि अँटेना असेल तर कुणीही मागे जाऊ शकतो, कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात फोटोग्राफर लोक असे रिसीव्हर घेऊन जनावरांमागे फिरायला लागले म्हणून पार्कने ते वापरायलाच बंदी घातली. तुमच्या ग्रुपच्या फेसबुक पेजवर ट्रॅप कॅमेऱ्याचा वाघाचा फोटो टाकायचा मोह होणार, मला माहीत आहे. फोटोच्या खालच्या पट्टीत कॅमेऱ्याचं नाव आणि वेळ असते ती कापा, लोकेशन काढा, मागे ओळखू येणारा बंधारा किंवा झाड असेल तर तो फोटो टाकूच नका, आणि टाकलाच तर दोन-तीन महिन्यांनी टाका. आणि ज्या लॅपटॉपवर लोकेशन आहेत त्याचा पासवर्ड ग्रुपमधल्या दोघांनाच असू दे, सोडून गेलेल्या पोराचा ॲक्सेस त्याच दिवशी बंद.

ड्रोन राहिला. घेऊ नका. म्हणजे आग कुठे लागली बघायला, पिकात बसलेला हत्तींचा कळप शोधायला, किंवा शेतात अडकलेला बिबट्या थर्मलवर बघायला ड्रोन कामाचा आहे, पण वन विभागाकडे असेल तर त्यांचाच वापरा. रोजच्या रात्रीच्या गस्तीसाठी अर्धा-पाऊण तास चालणारी बॅटरी, झाडीखाली काही न दिसणं आणि लांबूनच कळणारा आवाज, यात काही हाती लागत नाही. शिवाय प्राण्यांना त्रास होतो, अमेरिकेत काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बसवून वरून ड्रोन उडवला तेव्हा अस्वल बाहेरून शांत दिसत होतं पण ठोके मात्र धाडधाड वाढलेले होते.

शेवटी परवानगीचं. अभयारण्यात कॅमेरा लावणं, रेकॉर्डर बांधणं, ड्रोन उडवणं, यातलं काहीही विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, आणि कॉलर तर तुमच्या ग्रुपचं कामच नाही, त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, वाघासारख्या अनुसूची एकमधल्या प्राण्याला केंद्राचीही, आणि ते पशुवैद्यक आणि संशोधन संस्थाच करतात. तुम्ही आधी उपवनसंरक्षकांना भेटा, पण यंत्रांची यादी घेऊन जाऊ नका. जुन्या मेमरी कार्डांमधले माणसांचे फोटो चाळून देऊ का, आणि वीज कंपनीकडच्या ट्रिपिंगच्या नोंदी मिळवून नकाशावर टाकून देऊ का, असं विचारा. याला नाही म्हणणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही, आणि ते काम करताना तुम्हाला कुठल्या सहा वाटांवर कॅमेरे लागतील ते आपोआप कळेल. मग इथे परत विचारा, मॉडेल कुठलं घ्यायचं ते तेव्हा सांगतो.